तेल सुटलं का?

आकाशवाणीच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘तेल सुटणं.’ फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी अदबीनं विचारलं, “पाककृतींच्या कार्यक्रमात घेऊ का तुम्हाला?” मी म्हटलं, नको, विज्ञानाच्याच कार्यक्रमात घ्या. आता मी कवितेचा माणूस, मराठी घेऊन बी. ए. झालेला. विज्ञान शिकलो ते शाळेत, दहावीपर्यंत. पण या विषयाची गाठ माझ्या घरातल्या चुलीशी पडली आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीशीही. म्हणून हे धाडस.

आमच्या घरी रस्सा अम्माच्या हातचा. भाजलेलं कांदा-खोबरं, आलं, लसूण, कोथिंबीर असं सगळं वाटून तो मसाला तापल्या तेलात पडला की ती मंद आचेवर परतत राहते. सुरुवातीला तेल नाहीसं झाल्यासारखं वाटतं. सगळा गोळा ओलसर, मऊ, एकजीव. मग हळूहळू त्याचा रंग गडद होतो, कढईच्या कडेनं तेलाचे बारीक थेंब चमकू लागतात, आणि अम्मा म्हणते, “सुटलं तेल. आता मटण टाकायचं.” घड्याळ नाही, मोजमाप नाही. तेल सुटलं की मसाला शिजला, एवढी एकच खूण.

तीनेक वर्षांपूर्वी तिनं मला स्वयंपाकघरात हाका मारायला सुरुवात केली. “बघ रे, तेल सुटलं का?” मला वाटलं, म्हातारपणी मुलाला स्वयंपाक शिकवायची हौस आली असेल. मी कढईत डोकावायचो, ‘सुटलं’ म्हणायचो आणि परत आपल्या वहीकडे. तिला ते थेंब दिसतच नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पण आधी त्या थेंबांविषयी. ओल्या मसाल्यात परतताना तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते वेगळे दिसत नाहीत. थेंबाथेंबाच्या मधे पाण्याची ओल असते. आच लागत राहते तसं ते पाणी आटतं, थेंब एकमेकांना भेटतात, मोठे होतात आणि बाहेर येतात. शास्त्रीय परिभाषेत याला ‘प्रावस्था-विलगन’ म्हणतात. शब्द दातांखाली खडा यावा तसा आहे. आपण आपलं ‘सुटणं’च म्हणू. एकत्र असलेल्या दोन गोष्टी सुटतात, आणि सुटताच त्यांच्यामध्ये एक सीमा तयार होते. मग दोन प्रश्न उभे राहतात. त्या सुटतात का? आणि ती मधली सीमा कशाची बनलेली असते?

आमच्या गल्लीत रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांच्याकडे मी पहिला प्रश्न घेऊन गेलो आणि माझ्या मनातलं उत्तरही सांगून टाकलं. म्हटलं, “सर, तेलाचं आणि पाण्याचं वैर असतं म्हणूनच ना?”

सर हसले. “अहो, वैर कसलं? तेलाचा रेणू आणि पाण्याचा रेणू एकमेकांना ओढतातच. फक्त पाण्याचे रेणू एकमेकांना त्याहून घट्ट धरतात. तुमचं तेल मध्ये आलं की पाण्याला हात सोडावा लागतो, नाहीतर त्याच्याभोवती फार नेटकं, अवघडून उभं राहावं लागतं. पाण्याला ते नको असतं. तेल हाकललं जात नाही, ते बाहेर राहतं.”

यांच्यात ओढ असते याचा एक जुना आणि मजेदार पुरावा आहे. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन लंडनला असताना तिथल्या क्लॅपहॅम भागातल्या एका तळ्यावर गेले. वारा सुटला होता, पाण्यावर लाटा होत्या. त्यांनी चहाच्या चमच्यात मावेल एवढं तेल पाण्यावर ओतलं. ते पसरत गेलं आणि सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, पाणी आरशासारखं शांत झालं. हा वृत्तान्त १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. चमचाभर तेल वीस गुंठ्यांवर पसरायचं तर थर किती पातळ हवा? हिशेब केला तर तो एका रेणूच्या उंचीएवढाच भरतो. वनस्पती तेलाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, म्हणून तेल इतकं पसरतं. वैर असतं तर ते गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलं असतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका सभेत एका वक्त्यानं माझ्यासमोर दोन समाजांना तेल आणि पाण्याची उपमा दिली होती. माझ्या नावामुळे बऱ्याच नजरा माझ्याकडे वळल्या. मी तेव्हा गप्प बसलो. पुढे माझं भाषण होतं, त्यातही काही बोललो नाही. आज एवढंच म्हणेन, की माणसं म्हणजे रेणू नव्हेत, तेव्हा ही उपमा वापरूच नये. आणि वापरायचीच असेल तर आधी तेल आणि पाणी यांच्याकडे नीट बघावं. तिथे द्वेष नावाची गोष्ट सापडत नाही.

मग सरांनी मला एक प्रयोग दाखवायचं कबूल केलं. आपल्याकडे बी. एस्सी.ची मुलं तो करतात. त्यासाठी ते मला त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. एका परीक्षानळीत फिनॉल आणि पाणी. फिनॉल कातडी जाळतं, तेव्हा हे घरी करू नका. नळीत दोन थर दिसत होते, मध्ये स्पष्ट रेघ. सर म्हणाले, “वरचं पाणी आणि खालचं फिनॉल असं समजू नका. वरच्या थरात शंभर भागांत साधारण आठ भाग फिनॉल आहे, आणि खालच्यात शंभरात पंचवीसहून जास्त भाग पाणी.” म्हणजे वेगळे झालेले थरही निखळ नसतात. प्रत्येकाच्या घरात दुसरा थोडा राहतोच.

नळी गरम पाण्यात धरली. पारा चढू लागला. सर मधूनमधून नळी हलवत होते. साधारण ६६ अंश सेल्सिअसला ती मधली रेघ नाहीशी झाली. नळीत एकच स्वच्छ, नितळ द्रव. मग नळी बाहेर काढून निवू दिली. काही क्षण काहीच नाही, मग आत एक निळसर-दुधी झाक आली आणि बघता बघता सगळं पांढरं झालं. थोड्या वेळानं पुन्हा दोन थर. त्या दुधी झाकेचं गणित आइन्स्टाइननं १९१० साली मांडलं होतं. द्रव मिसळण्या-सुटण्याच्या उंबरठ्यावर असतो तेव्हा त्यात कुठे फिनॉल जास्त, कुठे पाणी जास्त अशा चढउतारांचे ठिपके उमटत आणि मिटत राहतात. ते ठिपके प्रकाशाच्या लहरीएवढे मोठे झाले की प्रकाश विखुरतो आणि द्रव धूसर दिसतो. ही झाक लक्षात ठेवा, शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

या प्रयोगात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रत्येक मिश्रणात दोन गोष्टींची रस्सीखेच चालू असते. एक आपल्या जातीच्या रेणूंची ओढ, दुसरी उष्णतेमुळे होणारी रेणूंची धावपळ. ओढ गोळा करते, धावपळ मिसळवते. तापमान वाढलं की धावपळ जिंकते, उतरलं की ओढ. अमेरिकेतल्या गिब्ज या शास्त्रज्ञानं १८७०च्या दशकात या जमाखर्चाची वही कशी लिहायची ते शिकवलं. सगळ्याच मिश्रणांचा हिशेब इतका सरळ नसतो. काही थंडीत मिसळतात आणि तापवल्यावर सुटतात. पण वही तीच.

आता सुटण्याची रीत. ती एक नाही, दोन आहेत, आणि मला या विषयाची खरी गोडी इथे लागली. पहिली रीत अशी, की मिश्रण किंचितच थंड झालेलं असतं. सुटलं तर बरं, पण सुटायला सुरुवात कुठून करायची? नवा थेंब जन्माला येतो तेव्हा त्याच्या पोटात गेलेल्या रेणूंचा फायदा होतो, पण त्याच्या कातडीचा, म्हणजे सीमेचा खर्च अंगावर पडतो. लहान थेंबाला पोट कमी आणि कातडी जास्त. आम्ही तरुणपणी अनियतकालिक काढायचो तेव्हा हेच व्हायचं. सोळा पानांच्या अंकाला मुखपृष्ठाचा खर्च इतका, की अंक दुसऱ्या महिन्यात बंद. पानं एका ठरावीक संख्येपलीकडे गेली तरच मुखपृष्ठ परवडायचं. थेंबांचंही तसंच. असंख्य थेंब जन्मतात आणि विरघळून जातात. एखादा योगायोगानं ठरावीक आकार ओलांडतो, आणि मग तो वाढतच जातो. धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा अशा जागी कातडीचा खर्च वाचतो, म्हणून थेंब तिथे आधी धरतात. आकाशातले ढगही हवेतल्या बारीक कणांभोवती असेच धरतात.

दुसरी रीत वेगळी. मिश्रण झपकन फार थंड केलं तर ते इतकं अस्थिर होतं, की सुरुवातीची गरजच उरत नाही. कुठे किंचित फिनॉल जास्त असेल तर तिथे ते आणखी जमा होऊ लागतं. शाईचा थेंब पाण्यात टाकला की शाई दाटीकडून विरळ भागाकडे जाते, हे आपण लहानपणापासून बघतो. इथे उलटं. विरळ भागातून दाटीकडे वाहणं सुरू होतं, जणू पाणी चढावर निघालं. आणि हे एका जागी नाही, सगळीकडे एकाच वेळी. त्यातून एकमेकांत गुंतलेल्या वळणदार पट्ट्यांची नक्षी उमटते, आणि पट्ट्यांमधलं अंतर सगळीकडे साधारण सारखं असतं.

या दुसऱ्या रीतीचा नीट सिद्धान्त १९६१ साली जॉन कान यांनी मांडला. कान यांचा जन्म १९२८ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. भटकत भटकत ते अमेरिकेला पोचले. तिथे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, कान आणि त्यांचे सहकारी जॉन हिलियर्ड मिश्रधातूंवर काम करत होते. विमानाच्या ॲल्युमिनियमला कणखरपणा येतो तोच मुळी त्यात मिसळलेलं तांबं आतल्या आत सुटून बारीक कण धरतं म्हणून. तेव्हा सुटणं म्हणजे दर वेळी बिघाड नव्हे, कधी कधी बळही त्यातूनच येतं. १९५८ साली कान आणि हिलियर्ड यांनी एक निबंध लिहिला. तो आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे: सीमा कशाची बनलेली असते?

गिब्जनं हिशेबाच्या सोयीसाठी सीमेला जाडी नसलेलं पृष्ठ मानलं होतं. नकाशावर दोन जिल्ह्यांमधली रेघ असते तशी. कान आणि हिलियर्ड म्हणाले, तसं नाही. सीमा हा एक पट्टा असतो. त्यात एका बाजूचं द्रव्य हळूहळू कमी होत जातं आणि दुसऱ्या बाजूचं वाढत जातं. मग हा पट्टा किती रुंद असावा? फार अरुंद असेल तर शेजार एकदम बदलतो, आणि त्या तुटकपणाची किंमत द्यावी लागते. फार रुंद असेल तर बरंचसं द्रव्य धड इकडचं ना धड तिकडचं अशा अवस्थेत अडकतं, त्याचीही किंमत द्यावी लागते. या दोन खर्चांच्या तडजोडीतून सीमेची रुंदी ठरते. तेल आणि पाणी यांच्या सीमेची रुंदी एका मीटरचे अब्ज भाग केले तर त्यातल्या एखाद-दुसऱ्या भागाएवढीच असते, म्हणून ती आपल्याला रेघ वाटते. पण आमच्या नळीत पारा ६६ अंशांकडे चढत होता तेव्हा सीमा रुंद होत चालली होती. शेवटी तिची रुंदी इतकी वाढली की दोन्ही बाजू उरल्याच नाहीत. रेघ पुसली गेली असं मला वाटलं. खरं तर सीमेनंच सगळी नळी व्यापली होती.

हीच कल्पना याच्याही ६५ वर्षं आधी, १८९३ साली, हॉलंडच्या व्हान डर वाल्स यांनी मांडली होती. सुताराचा मुलगा, आधी शाळामास्तर. लॅटिन आणि ग्रीक येत नाही म्हणून विद्यापीठाची परीक्षा देण्याची त्याला मुभा नव्हती. नियम बदलला तेव्हा कुठे वाट मोकळी झाली, आणि १९१० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. पण सीमेवरचं त्याचं काम डच भाषेत लिहिलेलं, ते मागे पडलं, आणि अमेरिकेत तीच कल्पना नव्यानं जन्माला आली.

सीमेविषयी बोलताना आणखी एक नाव सांगायलाच हवं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी अॅग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी राहत होती. मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. घर सांभाळायचं, आजारी आईवडिलांची सेवा करायची, हेच तिचं काम. पाण्यावर तेलकट तवंग आला की पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण बदलतो हे तिनं घरातल्या घरात हेरलं. तिनं पत्र्याची एक उथळ पन्हळ केली, त्यावर सरकणारी एक पट्टी ठेवली आणि लहानशा तराजूनं पाण्याची ओढ मोजली. दहा वर्षं ती एकटीच हे करत होती. १८९१ साली तिनं इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅले यांच्या पत्नीनं त्याचं भाषांतर केलं आणि रॅले यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं. तिथे ते छापून आलं. तवंगाच्या अभ्यासाची आजची उपकरणं तिच्या त्या पन्हळीचीच वंशज आहेत. हे वाचलं तेव्हा मला अम्माची कढई आठवली. बायका शेकडो वर्षं पाहत आलेल्या गोष्टींपैकी फारच थोड्या छापून आल्या.

सीमेला खर्च येतो म्हणून निसर्ग ती कमी करायला बघतो. रश्श्यावरची तर्री बघा. दोन गोल ठिपके जवळ येतात आणि एक होतात. दोन सारखे थेंब मिळून एक झाले तर कातडी सुमारे वीस टक्क्यांनी वाचते. न भेटताही हे होतं. लहान थेंबातले रेणू सुटून मोठ्या थेंबाकडे जातात, लहान आणखी लहान होतो आणि मोठा फुगतो. सोव्हिएत संघातले लिफ्शित्झ आणि स्ल्योझोव्ह, आणि जर्मनीतले वाग्नर यांनी १९६१ साली याचा वेग सांगितला: थेंबांचा सरासरी आकार दुप्पट व्हायला आठपट काळ लागतो. फ्रीजरमध्ये फार दिवस राहिलेलं आइस्क्रीम खरखरीत लागतं, तेही बर्फाचे बारीक स्फटिक असेच मोठ्यांच्या पोटात गेल्यामुळे.

पण घुसळण हा माझा आवडता दाखला. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे चरबीचे थेंब. अशा मिश्रणाला आपल्या परिभाषेत ‘पायस’ म्हणतात. प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ वेष्टण असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत. रवीनं घुसळलं की वेष्टणं फाटतात, थेंब चिकटतात आणि लोण्याचा गोळा वर येतो. मग एक उलथापालथ झालेली असते. आधी पाण्यात चरबीचे थेंब होते, आता लोण्यात पाण्याचे थेंब आहेत. लोण्यात शंभरात सोळाच्या आसपास भाग पाणीच असतं. आणि आपल्या आज्या उन्हाळ्यात गार पाणी आणि थंडीत कोमट पाणी घालून घुसळायच्या, कारण चरबी अर्धवट घट्ट असेल तरच थेंब चिकटतात.

आता अम्माच्या डोळ्यांकडे येतो. गेल्या काही वर्षांत जीवशास्त्रज्ञांना या ‘सुटण्या’ची फार ओढ लागली आहे. २००९ साली ब्रँग्विन आणि हायमन यांच्या गटानं एका सूक्ष्म कृमीच्या पेशींमधले काही कण हे खरं तर द्रवाचे थेंब आहेत असं दाखवलं. ते वाहतात, एकमेकांत मिसळतात, विरघळतात. पेशीत भिंती नसलेल्या खोल्या असतात, असं म्हणा. दूध पांढरं का दिसतं आणि डोळ्याचं भिंग पारदर्शक का असतं, या प्रश्नाशीही हा विषय जोडलेला आहे. भिंगाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. म्हणजे ते चांगलंच दाट मिश्रण. पण प्रथिनं इतकी सारखी विखुरलेली असतात, की प्रकाशाला कुठे अडखळायला जागा सापडत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले जॉर्ज बेनेडेक यांनी १९७१ साली हे समजावून सांगितलं. मग १९७७ साली त्याच संस्थेतल्या तोयोइची तानाका यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं, की उंदराच्या पिल्लाचं भिंग थंड केलं तर ते पांढरं होतं आणि ऊब दिली की पुन्हा नितळ होतं. आमच्या फिनॉलच्या नळीत आली तीच दुधी झाक. प्रथिनं आणि पाणी सुटू लागल्याची ती खूण.

म्हातारपणचा मोतीबिंदू मात्र ऊब दिल्यानं जात नाही. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं आपल्या जन्माआधी तयार झालेली असतात आणि ती बदलली जात नाहीत. अम्माच्या डोळ्यात सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीची प्रथिनं होती. एवढ्या वर्षांच्या उन्हानं, तिच्या मधुमेहानं त्यांची मोडतोड होते, ती एकमेकांना चिकटून गोळे धरतात, कुठे प्रथिनं दाट, कुठे पाणी जास्त, आणि प्रकाश विखुरतो. सुरुवात होते ती सुटण्यासारखीच, पण इथे परतीची वाट नसते. ‘मोतीबिंदू’ या शब्दात आपल्या भाषेनं थेंब आधीच ठेवला आहे.

आणि आता माझी चूक. अम्माला मोतीबिंदू आहे हे डॉक्टरांनी आम्हाला दोन वर्षं आधीच सांगितलं होतं. ती घाबरत होती, आणि मला वेळ नव्हता. मी म्हणत राहिलो, “पिकू दे, मग काढू.” लहानपणापासून हेच ऐकलं होतं. एके दिवशी तिनं मला हाक मारली, “तेल सुटलं का रे, बघ.” मी वहीतून डोकं वर न काढता ‘आलो’ म्हणालो. ती वाट बघून कढईवर वाकली आणि तिचा हात कडेला टेकला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजली. दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर मला म्हणाल्या, “पिकायची वाट बघायची ही जुन्या काळची गोष्ट झाली. दिसण्यामुळे रोजची कामं अडायला लागली, की काढायचा. फार पिकला तर भिंग टणक होतं आणि काढायला अवघड जातं.” मित्रहो, या सगळ्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण तुमच्या घरात कोणी ‘पिकू दे’ म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

हात बरा झाल्यावर तिचं ऑपरेशन झालं. आतलं भिंग ध्वनिलहरींनी फोडून, त्याचं पातळ मिश्रण करून ओढून घेतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. अर्ध्या तासाच्या आत ती बाहेर आली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन भांडी हातात घेतली आणि म्हणाली, “ही अशी घासता होय रे? तळाला सगळं काळं.”

महिन्याभरानं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती कढईसमोर उभी राहिली. मी शेजारी. फिनॉल, व्हान डर वाल्स, कान, सगळं तिला सांगून झालं होतं. तिनं ते ऐकलं होतं की नाही कोण जाणे. मसाला परतून परतून गडद झाला. मी वाकून बघितलं. मला नक्की कळेना.

“अम्मा, तेल सुटलं का?”

तिनं माझ्याकडे न बघता मटणाचं पातेलं ओढलं. “मघाशीच सुटलं. तुझा चष्मा पूस आधी.”